डब्यातला जगाचा नकाशा



पालकसभेत अभ्यासाच्या खालोखाल सगळ्यात जास्त बोलणं कशावर होत असेल, तर डब्यावर. “मॅडम, पोळीभाजी दिली की डबा तसाच परत येतो.” “मॅडम, ह्याला रोज पास्ता पाहिजे, नाहीतर नूडल्स.” “मॅडम, तुम्ही सांगा ना तिला, आपलं जेवणच चांगलं असतं म्हणून. तुमचं ऐकेल ती.” तुमच्या शाळेतही हेच चालत असणार.

मी कल्याणला चौथीच्या वर्गाला शिकवते आणि राहायला डोंबिवलीत आहे. संध्याकाळी घरी आलं की पर्स ठेवून आधी कुकर लावायचा, हे तुमच्यासारखंच माझंही. पण स्वयंपाकाची मला मनापासून आवड आहे, आणि वेगवेगळ्या देशांचे पदार्थ घरात करून बघायचा नादही आहे. त्यामुळे ‘आपलं जेवण’ आणि ‘बाहेरचं जेवण’ हे दोन शब्द ऐकले की मी जरा थबकते. आपलं म्हणजे नक्की कुणाचं? आणि बाहेरचं म्हणजे किती बाहेरचं?

हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. मधल्या सुट्टीत वर्गात एक फेरी मारून बघा. काही मुलं डबा मधोमध ठेवून झाकण पूर्ण उघडतात. काही मुलं झाकण अर्धंच उघडतात, एका हाताने डबा झाकतात आणि दुसऱ्या हाताने खातात. एखादं मूल तर भिंतीकडे तोंड करून बसतं. आईने पहाटे उठून केलेल्या जेवणाची आठ-नऊ वर्षांच्या मुलाला लाज वाटावी, ही मला भागाकार न येण्यापेक्षा मोठी अडचण वाटते. भागाकार सहामाहीपर्यंत येतो. ही लाज मात्र पुढे बरीच वर्षं सोबत राहते.

म्हणून आज डब्याबद्दल आणि माझ्या स्वयंपाकघराबद्दल थोडं लिहिते. शेवटी वर्गात आणि घरी करता येईल असा एक साधा उपक्रमही सांगते.

उपवासाचं ताट आणि जगाचा नकाशा

सगळ्यात ‘आपल्या’ ताटापासून सुरुवात करू. आषाढी एकादशीचा फराळ डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू आणि चवीला हिरवी मिरची. याहून घरचं काही असू शकतं का?

आता वर्गातला जगाचा नकाशा काढा आणि एकेका पदार्थाचं मूळ गाव शोधा. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, म्हणजे आजच्या पेरू-बोलिव्हियाकडचा. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. रताळं आणि मिरची अमेरिका खंडातलीच. राजगिरा मेक्सिकोच्या बाजूचा. साबुदाण्याची गोष्ट तर आणखी लांबची. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातून काढत. आपण खातो तो टॅपिओकाच्या कंदाचा, आणि हा कंद आला ब्राझीलकडून. १९४० च्या दशकात दुसऱ्या महायुद्धामुळे बाहेरचा माल येणं अवघड झालं, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकापासून साबुदाणा करायचा उद्योग उभा राहिला. आजही आपल्या वाण्याकडचा बराचसा साबुदाणा तिकडूनच येतो.

वरीचे तांदूळ आणि शिंगाडा एवढे दोघेच या ताटात आपल्या बाजूचे म्हणता येतील.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, “बाई, म्हणजे उपवास अमेरिकेचा?” मी म्हटलं, “उपवास आपलाच रे, सामान तिकडून आलंय.”

कोलंबस १४९२ मध्ये अमेरिका खंडाच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर पोहोचला आणि वास्को-द-गामा १४९८ मध्ये कालिकतला. मग पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिकं हळूहळू आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आलं वापरत. मिरची आली आणि तिने सगळ्यांना मागे टाकलं. ठेचा हा आपल्याला अगदी मातीतला पदार्थ वाटतो, पण त्यातली मिरची समुद्र ओलांडून आलेली आहे.

मुलांना यातली शब्दांची बाजू फार आवडते. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, कोबी हे सगळे शब्द पोर्तुगीजांमार्फत मराठीत आले. पगार, चावी आणि घमेलंसुद्धा. प्रवासाच्या बॅगेला चिठ्ठी लावतात ना, तशी या भाज्या-फळांना त्यांच्या नावाची चिठ्ठी अजून लागलेली आहे. भाषा आणि परिसर अभ्यास हे दोन तास एकत्र करायचे असतील, तर यासारखा विषय नाही.

आपल्याच स्टेशनांच्या आसपास

“हे सगळं लांबचं झालं, आमच्या कल्याणचं काय?” असं कुणी विचारेल. कल्याण तर फार जुनं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात त्याचा ‘कल्लिएना’ म्हणून उल्लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपासून इथे माणसं उतरतात, आणि माणूस उतरला की त्याच्याबरोबर त्याची चव उतरतेच.

ठाणे आणि वसई पोर्तुगीजांकडे होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे घेतलं आणि चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई. पोर्तुगीज गेले, पण पाव राहिला. वसई-ठाण्याकडच्या ईस्ट इंडियन कुटुंबांत अजूनही सणाला फुगे तळतात आणि उन्हाळ्यात वर्षभराचा ‘बॉटल मसाला’ कुटून बाटल्यांत भरून ठेवतात. ही माणसं घरात मराठीच बोलतात, आपल्या आगरी-कोळ्यांच्या बोलीच्या जवळची. पदार्थ दोन्हीकडचे आहेत आणि पूर्ण इथलेही आहेत.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं बेने इस्रायली समाजाचं प्रार्थनास्थळ आहे, ‘शार हाशमाइम’, म्हणजे स्वर्गाचं दार. हे मराठी बोलणारे ज्यू कोकणात पिढ्यानपिढ्या तेल काढायचा धंदा करत. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. मग कोकणातल्या नारळाने ती गरज भागवली. रस्सा नारळाच्या दुधात, गोडही नारळाच्या दुधात. आभाराच्या विधीला ‘मलिदा’ करतात. त्यात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा आणि फळं असतात. एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन वाटला जाणारा हा प्रसाद बघितला, तर तुम्ही-आम्ही त्याला गोड पोहेच म्हणू. १९४८ नंतर यातली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं, आणि मलिदाही चालू ठेवला. इथे असताना जो त्यांचा धार्मिक पदार्थ होता, तो तिथे गेल्यावर कोकणची आठवणही झाला.

कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराच्या बराकी होत्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये जागा दिली आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. आजही तिथले लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर ३’, ‘कॅम्प नंबर ४’ असंच सांगतात. घर, शेत, दुकान सगळं मागे राहिलं. बरोबर आली ती दाल-पकवान, साई भाजी, बेसनाची आंबट कढी आणि कोकी.

कोकी मला माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीने शिकवली. कणकेत कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, अनारदाणा आणि बऱ्यापैकी तूप घालून घट्ट मळायचं. गोळा जाडसर थापून तव्यावर जरा शेकायचा, मग काढून पुन्हा लाटायचा आणि मंद आचेवर खरपूस भाजायचा. मी विचारलं, “दोनदा कशाला हो आजी?” त्या म्हणाल्या, “प्रवासात तीन दिवस टिकते बेटा.” त्या आणखी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात फाळणीवर जेवढ्या ओळी असतात, त्याहून जास्त मला त्या वाक्यातून कळलं.

आजीची पानगी

आता माझ्या घरातलं सांगते. माझी आजी मुरबाडकडची. पावसाळ्यात तिच्याकडे गेलो की पानगी ठरलेली. तांदळाच्या पिठात मीठ, थोडी साय आणि पाणी घालून सरबरीत कालवायचं. केळीच्या पानाला तुपाचं बोट फिरवायचं, त्यावर पीठ पसरायचं, वरून दुसरं पान ठेवायचं आणि तव्यावर टाकून झाकण. पान करपून तपकिरी झालं की उलटायचं. हळदीचं पान मिळालं तर त्याचा वास सगळ्या घरभर. पान सोलून काढलं की पानगीवर त्याच्या शिरा उमटलेल्या असायच्या. आम्ही भावंडं त्या रेषा बोटाने मोजायचो.

आजी गेली आणि पानगीही थांबली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. डोंबिवलीत पान कुठे शोधणार, वेळ कुठे आहे, अशा कारणांनी ती हळूहळू मागे पडली.

माझा धाकटा भाऊ कामासाठी दुबईला असतो. एका खोलीत चौघं, त्यातले दोघं फिलिपिन्सचे. एकदा रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला. हातात केळीच्या पानाची एक पुडी. “ताई, बघ काय आहे!” त्याच्या सोबत्याने सणाला ‘सुमान’ केलं होतं. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळायचे आणि वाफवायचे. भावाने पुडी सोडली, पान बाजूला केलं आणि म्हणाला, “वास घेतला ना, तर आपल्या आजीची पानगीच गं.” मग दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

त्याच रविवारी मी सकाळी भाजी मार्केटमध्ये जाऊन केळीची पानं आणली आणि आईला फोन लावला. आई सांगत गेली. “पीठ किती?” “हाताला लागेल तेवढं.” “पाणी?” “पीठ मागेल तेवढं.” मी वाटी घेऊन बसले होते, तिच्याकडे मोजमापच नव्हतं. पहिली पानगी पानाला चिकटली. दुसरी मधे कच्ची राहिली. चौथी जमली. मग वहीत लिहून ठेवलं: १ वाटी तांदळाचं पीठ, पाऊण वाटी पाणी, २ चमचे साय, पाव चमचा मीठ, मध्यम आच, एका बाजूने ५ मिनिटं. नवीन तांदळाच्या पिठाला पाणी थोडं कमी लागतं. वहीतल्या त्या पानावर आता तुपाचा डाग पडलाय, तो मी पुसला नाही.

पुढे मला मेक्सिकोच्या ‘तमाले’बद्दल वाचायला मिळालं. मक्याचं पीठ, आत सारण, आणि गुंडाळायला मक्याच्या कणसाची साल किंवा केळीचं पान. तेही वाफवायचं. एका रविवारी तेही करून बघितलं, आत आपलं उसळीचं सारण भरून. नवरा म्हणाला, “ही पानगीची मावसबहीण दिसते.” मला ते पटलं. जिथे मोठं पान मिळतं आणि भांडी कमी असतात, तिथे माणसाला पान हेच भांडं सुचतं. हे कुणी कुणाकडून शिकावं लागत नाही.

पास्ता मागणाऱ्या मुलाचं काय करायचं?

ज्या आयांची तक्रार असते त्यांच्यासाठी हे थोडं सविस्तर. पास्ता बहुतेक वेळा ड्यूरम गव्हाचा असतो. आपण बाजारातून बन्सी रवा आणतो ना, तो त्याच जातीच्या गव्हाचा. पीठ मळायचं, आकार द्यायचा, वाळवायचं, आणि हवं तेव्हा उकळून खायचं. हे तर आपण शेवया आणि कुरडयांच्या बाबतीत करतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंबिवलीच्या गच्च्यांवर अजूनही साड्या पसरून वाळवणं घालतात. फरक इतकाच की तिकडे त्याचा कारखाना झाला आणि जाहिरात झाली.

आणि आपल्या चकोल्या किंवा वरणफळं? कणकेच्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे आमटीत शिजवायचे, वरून तूप. इटलीत पास्ता आणि काबुली चणे एकत्र शिजवून ‘पास्ता ए चेची’ करतात. गरिबाघरचं, पोटभरीचं जेवण. डाळ किंवा कडधान्य आणि गहू एकत्र आले की ताट पुरं होतं, हे दोन्हीकडच्या आयांना ठाऊक होतं.

म्हणून मुलगा पास्ता मागतो तेव्हा मी म्हणते, करा की! पण घरात करा, आणि करताना त्याला सोबत घ्या. टोमॅटो आणि लसूण परता, भोपळा किंवा गाजर किसून घाला, मूठभर उकडलेले चणे टाका. आणि पुढच्या आठवड्यात चकोल्या करताना त्याला सांगा, “हा आपल्या आजीचा पास्ता.” माझ्या घरी हे चाललं. मुलाला पदार्थ नको असतो असं नाही, त्याला पुष्कळदा त्याच्यामागची गोष्ट हवी असते. जाहिरातवाले गोष्ट सांगतात, आपण नुसतं “गपचूप खा” म्हणतो.

वर्गात काय केलं

आमच्या वर्गात डोंबिवली-कल्याणच्या आसपासच्या २७ गावांतली आगरी मुलं आहेत, उल्हासनगरच्या सिंधी घरांतली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कामगारांची आहेत, देशावरची आहेत. एक मुलगी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची आणि खिडकीच्या कोपऱ्यात बसायची. कुणीतरी “शी, वास येतो” म्हटलं होतं. वर्गात शाकाहारी घरांतली मुलंही आहेत, आणि त्यांना तो वास खरंच सहन होत नाही, हेही समजून घ्यायला हवं. नुसतं रागावून हा प्रश्न सुटला नसता.

मी उपक्रमाला ‘डब्याचा नकाशा’ नाव दिलं. चार तासिका लागल्या. कसा घेतला ते सांगते.

१. प्रश्न नीट निवडला. “आज डब्यात काय आणलंय?” हा प्रश्न विचारला नाही. काही मुलं डबा आणतच नाहीत, शाळेच्या पोषण आहारावर असतात. त्यांच्यासाठी तो प्रश्न परीक्षेसारखा होतो. मी विचारलं, “घरी कुणीतरी केलेला आणि तुला खूप आवडलेला एक पदार्थ कोणता? तो कुणी केला होता?”

२. मुलांनी घरी जाऊन तो पदार्थ करणाऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारले. तुम्हाला हा कुणी शिकवला? त्यात काय काय घालतात? तो कधी करतात? उत्तरं वहीत लिहून आणली. जे लिहू शकत नव्हते त्यांनी चित्र काढलं.

३. भिंतीवर जगाचा, भारताचा आणि ठाणे जिल्ह्याचा असे तीन नकाशे लावले. एका रंगाच्या टिकल्या पदार्थ शिकवणाऱ्याच्या गावावर, दुसऱ्या रंगाच्या टिकल्या त्यातल्या जिनसांच्या मूळ देशांवर. टिकल्या म्हणजे कपाळाच्याच, पाकीट दहा रुपयांना मिळतं.

४. चव बघणं ऐच्छिकसुद्धा ठेवलं नाही, ठेवलंच नाही. कुणाला कशाची ॲलर्जी असते, कुणाच्या घरचे नियम असतात. हा बोलण्याचा आणि ऐकण्याचा उपक्रम आहे, खाण्याचा नाही. हे पालकांना आधीच कळवलं, त्यामुळे कुणाचीही तक्रार आली नाही.

तिसऱ्या तासिकेला सुक्या मासळीचा विषय निघाला. मी मुलांना पोर्तुगालबद्दल सांगितलं. ज्यांनी आपल्याला बटाटा आणि पाव दिला, त्यांच्या देशात सणासुदीचं मानाचं जेवण म्हणजे ‘बकालाउ’, खारवून सुकवलेला कॉड मासा. तो मुख्यतः नॉर्वेहून येतो. जपानमध्ये मासा सुकवून लाकडासारखा कडक करतात, त्याचे पातळ काप काढतात आणि रोजच्या सूपचा पाया त्याचाच असतो. एका मुलाने लगेच विचारलं, “मग त्यांच्याकडे वास येत नाही का बाई?”

मी म्हटलं, “येतो की. त्यांना तो घरचा वास वाटतो.”

सुकट आणणारी मुलगी काही बोलली नाही. नंतर तिने आपली वही पुढे केली. तिने लिहिलं होतं, “माझी आई सुकट निवडून, धुऊन, भाजून घेते. मग कांदा घालते. आईला तिच्या आजीने शिकवलं. पावसात बोटी बंद असतात म्हणून उन्हात सुकवून ठेवतात.” शेवटचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं. अन्न टिकवण्याच्या पद्धती हा विषय त्या दिवशी तिनेच शिकवला. आता ती खिडकीशी बसत नाही. शाकाहारी मुलं थोडी लांब बसतात, पण “शी” कुणी म्हणत नाही. मला एवढं पुरेसं आहे.

खिचडीची गोष्टही सांगायलाच हवी. पोषण आहाराची खिचडी म्हणजे गरिबांचं जेवण, असं मुलांच्या मनात कुठून येतं कोण जाणे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर सकाळी खातात. इंग्रज इथून खिचडी घेऊन गेले आणि त्यात मासा आणि अंडं घालून ‘केजरी’ केली. इजिप्तमध्ये तांदूळ, मसूर, मॅकरोनी आणि तळलेला कांदा यांचं ‘कोशरी’ रस्तोरस्ती मिळतं, त्याचंही नातं खिचडीशी सांगतात. हे ऐकल्यावर पोषण आहारावरचा एक मुलगा रांगेत उभा राहून मागच्याला म्हणाला, “चल, केजरी खाऊ.” आता आमच्याकडे तेच नाव पडलंय.

कृती लिहून ठेवा, का ते सांगते

या सगळ्यात पालकांसाठी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पदार्थ प्रवास करतो, पण त्याच्यामागचं शहाणपण नेहमी बरोबर येतंच असं नाही. मक्याचंच बघा. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग वाटत. ही त्यांची हजारो वर्षांची रीत. युरोपियांनी मका नेला, रीत मागे ठेवली. पुढे उत्तर इटलीसारख्या भागांत गरीब लोक जवळजवळ नुसत्या मक्यावर जगू लागले आणि ‘पेलाग्रा’ नावाचा भयंकर आजार पसरला. कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, शेवटी बुद्धीवर परिणाम व्हायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही तेच झालं. कारण नंतर कळलं. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याच्या पाण्याशिवाय शरीराला नीट मिळत नाही. म्हणजे त्या बायकांची जी कृती कुणाला बिनकामाची वाटली असेल, तीच खरी मोलाची होती.

आपल्याही घरात अशा कृती आहेत. डाळ का भिजवायची, नाचणीला मोड का आणायचे, अळूत चिंच का घालायची. ज्यांना ठाऊक आहे त्यांना आपण “तुम्हाला काय कळतं” म्हणतो किंवा विचारायला वेळ काढत नाही. मग एक दिवस विचारायला माणूस उरत नाही.

तेव्हा या रविवारी एवढंच करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला मुलाकडून फोन लावा. एक पदार्थ विचारायला सांगा. “अंदाजाने” असं उत्तर आलं तर मुलाच्या हातात वाटी आणि चमचा द्या, पदार्थ प्रत्यक्ष करा आणि माप मोजून लिहा. पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक तिथेच होतील. कृतीच्या खाली दोन ओळी लिहायला सांगा, हा पदार्थ कुणी शिकवला आणि त्या माणसाचं गाव कोणतं. बाहेरगावहून, परराज्यातून आलेल्या पालकांनी आपल्या भाषेतच लिहावं, मूल मराठीत सांगेल. दुसऱ्या देशाचा पदार्थ करायचा असेल तर जरूर करा, फक्त आधी त्याची आपल्या घरातली मावसबहीण शोधा.

आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सोमवारी मधल्या सुट्टीत एक फेरी नक्की मारा. कुणाचं झाकण अर्धं आहे ते बघा. काही बोलू नका, नुसतं शेजारी बसा आणि आपलाही डबा उघडा.